नाताळची नक्षी आणि स्वेटशर्टाचे कापड

(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीचे कंदील उतरले, की वसई-विरारकडच्या बुटिकांत स्वेटशर्ट टांगलेले दिसू लागतात. आपल्याकडे थंडी ती केवढी! पहाटेच्या विरार लोकलमध्ये दाराशी उभे राहावे लागले, तर अंगावर जो काटा येईल तेवढीच. तरीही स्वेटशर्ट खपतात, कारण बहुतेक लोक ते थंडीसाठी घेतच नाहीत. नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जाणारे कुटुंब, घरोघर जाऊन नाताळगीते म्हणणारे तरुण मंडळ, स्नेहसंमेलनाच्या तयारीत असलेला एखादा वर्ग, या सर्वांना एकसारखा आणि छातीवर एकच नक्षी भरलेला कपडा हवा असतो. ही नक्षी हल्ली बहुधा यंत्रावर भरली जाते. ती कशी निवडावी आणि निवड फसली तर भुर्दंड कोणाला पडतो, हे सांगण्याकरिता हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या वार्षिकात कवितेऐवजी टाके आणि दोरे आलेले पाहून प्राध्यापकवर्ग कदाचित भुवया उंचावेल. परंतु आमच्या घरचा प्रपंच टाक्यांवरच चालतो. आई नालासोपाऱ्याला घरीच शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी बचत गटाच्या कर्जातून तिने एका सुईचे संगणकीय भरतकामाचे यंत्र घेतले. त्याचे हप्ते फेडण्याचे खरे महिने दोनच, दिवाळीच्या आधीचा आणि नाताळच्या आधीचा. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे यंत्राच्या पडद्यावरचे इंग्रजी वाचणे आणि नक्षी पारखणे ही दोन्ही कामे आपोआप माझ्याकडे आली. पहिल्या कामाला शाळेतले इंग्रजी पुरले. दुसऱ्यासाठी आईच्या हाताखाली शिकावे लागले.

यंत्रावरचे भरतकाम ही काही संगणकाची देणगी नव्हे. फ्रान्समधील मुलहाउस येथील जोसुआ हाइलमान याने १८२८ साली हाताने चालवायचे भरतकामाचे यंत्र तयार केले. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या संत गालेन भागातील इसाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राप्रमाणे वरच्या व खालच्या अशा दोन दोऱ्यांवर चालणारे यंत्र काढले. त्याचा धोटा होडीच्या आकाराचा होता, म्हणून त्या भरतकामाला ‘शिफली’, म्हणजे छोटी होडी, असे नाव पडले. पुढे नक्षी कागदी पट्टीवर भोके पाडून नोंदवू लागले. पट्ट्या केव्हाच गेल्या. पण चित्रावरून यंत्राची नक्षी बनविण्याच्या कामाला आपल्याकडचे कारागीर आजही ‘पंचिंग’च म्हणतात. आणि आपल्या आज्या-मावश्यांना विसरून कसे चालेल? पायमशीनचा फूट काढून, दाते खाली करून, गोल फ्रेममध्ये ताणलेले कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवीत त्या उशांच्या अभ्र्यांवर मोर उतरवीत असत. त्या कामात सुई कोठे पडणार हे हात ठरवीत असे. आता ते नक्षीची फाइल ठरवते. फरक एवढाच, आणि सारी गोम त्यातच आहे. हाताला कापड ओढले गेल्याचे कळते. फाइलीला कळत नाही.

गिऱ्हाईक येते ते मोबाईलवर एक चित्र घेऊन. चित्र पडद्यावर सुरेख दिसते. पण यंत्राला चित्र समजत नाही. सुई कोठून कोठे न्यायची, किती अंतरावर टाका घालायचा, दोरा कोठे तोडायचा, अशा हजारो आज्ञांची यादी त्याला द्यावी लागते. कारखान्यांत सर्वत्र चालणारी डीएसटी नावाची फाइल जपानच्या ताजिमा कंपनीच्या यंत्रांवरून आली. तिच्यात टाक्यांच्या आज्ञा असतात, पण रंगांची नोंद नसते. रंगाचा कागद वेगळा मागून घेतला नाही, तर हिरवा सांताक्लॉज निघण्याची सोय आहेच!

या आज्ञा मुख्यतः तीन प्रकारच्या टाक्यांच्या असतात. पहिला आपला धावदोरा. दुसरा साटिन: दोन कडांच्या मध्ये इकडून तिकडे घातलेला, चमकणारा भरीव टाका. तिसरा मोठ्या जागा भरणारा. त्याला पंचिंगवाले ‘तातामी’ म्हणतात, कारण त्याची वीण जपानी घरांतल्या त्या नावाच्या चटईसारखी दिसते. साटिन एक मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला, की स्वेटशर्टावर दिसेनासा होतो. सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद झाला, की त्याचे लांब दोरे बांगडीत, पिशवीच्या चेनमध्ये अडकून उसवतात. एवढे ध्यानात ठेवून नक्षीकडे पाहिले, तरी निम्म्या नक्ष्या आपोआप बाद होतात.

उरलेल्या निम्म्यांचा निवाडा कापड करते. सदऱ्याचे कापड मागावर विणलेले, उभ्या-आडव्या धाग्यांचे असते. ते ताणले तरी फारसे हलत नाही. स्वेटशर्टाचे कापड होजिअरीचे, म्हणजे एकात एक अडकलेल्या फासांचे. बाहेरून गुळगुळीत, आतून लवदार किंवा बारीक फासे असलेले. ते ओढले की लांबते, सोडले की आखडते. अशा कापडात सुई हजारो वेळा आत-बाहेर करते आणि प्रत्येक टाका त्याला थोडेसे आपल्याकडे ओढतो. टाके ज्या दिशेने घातले, त्या दिशेने आकार आक्रसतो. पडद्यावरचा वाटोळा चंद्र कापडावर लांबट होतो. चौकटीची कड आणि आतला भरणा यांच्यामध्ये फट पडते. चांगला पंचिंग करणारा हे आधीच ओळखून चंद्र थोडा आडवा काढतो, वरच्या भरावाखाली विरळ टाक्यांचा पाया घालतो. पाया न घातलेली नक्षी म्हणजे शेणाने सारवल्यावाचून काढलेली रांगोळी. ठिकठिकाणी ती कापडात बुडते.

याला आणखी दोन आधार लागतात. कापडाच्या खाली बॅकिंग पेपर लावायचा, तोही फाडून काढायचा नव्हे, तर कात्रीने कापून नक्षीखाली कायमचा ठेवायचा. कारण होजिअरी आयुष्यभर ताणली जाणार, तिला आयुष्यभर आधार हवा. आणि वरच्या बाजूस, विशेषतः जाड लवदार कापड असेल तर, पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म अंथरायची, म्हणजे टाके लवेत रुतत नाहीत. सुई बोथट टोकाची, जिला बॉलपॉइंट म्हणतात, ती वापरायची. टोकदार सुई फासा कापते, आणि कापलेला फासा चार धुण्यांनंतर भोक होऊन समोर येतो. फ्रेममध्ये कापड ढोलकीच्या पानासारखे ताणण्याचा मोह होतो. तसे केले तर फ्रेम काढल्यावर कापड मूळ मापावर येते आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. आई म्हणते, “कापडाला निजू द्यायचं, ताणायचं नाही.”

आता थोडे गणित. दोन ओळींमध्ये ०.४ मिलिमीटर अंतर आणि टाक्याची लांबी चार मिलिमीटर धरली, तर एक चौरस सेंटिमीटर भरण्यास साठेक टाके लागतात. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा भरीव चौकोन सहा हजार टाक्यांचा, वर पायाचे टाके वेगळे. आमच्या यंत्राची फ्रेम १४ गुणिले २० सेंटिमीटरची आहे, आणि स्वेटशर्टावर आम्ही मिनिटाला पाचशेच्या वर वेग नेत नाही. तीस हजार टाक्यांची नक्षी म्हणजे नुसत्या सुईचा एक तास. शिवाय आमचे यंत्र एका सुईचे. प्रत्येक रंगाला थांबून दोरा बदलायचा. अकरा रंग असले तर दहा बदल, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटे. असे बारा स्वेटशर्ट करायचे तर सतरा तास. वसई पूर्वेच्या गाळ्यांतल्या अनेक सुयांच्या मोठ्या यंत्रांना ही अडचण नाही. ती रंग स्वतःच बदलतात. म्हणून नक्षी निवडताना ती कोणत्या यंत्रावर भरली जाणार हेही विचारावे.

मजुरी ठरते ती हजार टाक्यांवर. त्यामुळे वरवर पाहता मोठी, दाट नक्षी फायद्याची वाटते. पण हजारी दरात रंगबदल मोजले जात नाहीत आणि दोरे कापणे तर मुळीच मोजले जात नाही. नाताळच्या तयार नक्ष्यांमध्ये सर्वांत लोकप्रिय कोणती असेल, तर बर्फ पडतानाची. घर, झाड, आणि आकाशभर विखुरलेले साठ पांढरे ठिपके. टाके मोजाल तर सगळ्या बर्फाचे मिळून दोन हजारही भरत नाहीत. पण एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सुई उडी मारते, मागे दोरा ठेवते, आणि तो दोरा आमच्या यंत्रावर हाताने कापावा लागतो. साठ ठिपके, साठ उड्या. प्रत्येक स्वेटशर्टावर बारीक कात्री घेऊन आई डोळे ताणून बसते. वसईत बर्फ कधी पडला नाही. पण त्याची मजुरी आमच्या घरात फुकट पडते.

एका बुटिकाने (नाव सांगण्याचे कारण नाही) गेल्या खेपेस पातळ कापडाचे बारा स्वेटशर्ट आणि सांताक्लॉजच्या पूर्ण चेहऱ्याची नक्षी पाठवली. टाके तीस हजारांच्या आसपास, रंग अकरा; दाढीच्या खाली चेहरा, चेहऱ्याच्या खाली टोपी, असे भरावावर भराव. आईने एका चिंधीवर नमुना काढून दाखवला आणि हे कापड हा भार सोसणार नाही असे स्पष्ट सांगितले. नक्षी बदलली नाही. स्वेटशर्ट तयार झाले, तेव्हा छातीवर पुठ्ठा शिवल्यासारखे झाले होते आणि कडेने चुण्या पडल्या होत्या. बाराही परत आले आणि कपड्यांची किंमत मजुरीतून कापली गेली. त्या महिन्याचा हप्ता आईने शेजारच्या मावशींकडून उसने घेऊन भरला. निवड एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, हा व्यवहार या धंद्यात नेहमीचा आहे. तेव्हापासून आम्ही नमुन्याची चिंधी गिऱ्हाइकाची सही घेऊनच ठेवतो.

मग नाताळसाठी निवडावे तरी काय?

सांताक्लॉज, सूचिपर्णी झाड, बर्फ हे सारे आपण इतके पाहतो, की नाताळ म्हणजे हेच असे वाटू लागते. वस्तुतः हा लाल झग्यातला गुबगुबीत म्हातारा अगदी अलीकडचा. अमेरिकेत टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याला आकार दिला आणि १९३१ पासून हॅडन सुंडब्लोम याने कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी त्याची चित्रे रंगवली. सजवलेले झाड इंग्लंडात घरोघर गेले ते १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. वसईचा नाताळ याहून जुना आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली; या दोनशे वर्षांत हा सण येथे रुजला. ‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज. गास, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, पापडी या भागांतून डिसेंबरात फिरावे, म्हणजे दिसते काय? केळीच्या बागा, विहिरी, अंगणात उभारलेला येशूजन्माचा गोठा, आणि घराच्या पुढच्या बाजूस टांगलेली मोठी कागदी चांदणी.

ही चांदणी यंत्राला फार मानवते. कारण सांगते. भरीव टाका कोणत्या दिशेने घातला आहे, त्यावर दोऱ्याची चमक ठरते. आडवे टाके उजेड एका बाजूला फेकतात, तिरपे दुसऱ्या. पाच टोकांच्या चांदणीचे प्रत्येक टोक मधोमध दुभागले, तर दहा त्रिकोण होतात. एका त्रिकोणातले टाके उजवीकडे तिरपे, शेजारच्यातले डावीकडे तिरपे घालावयाचे. दोरा एकच पिवळा. पण पाहणाऱ्याला गडद आणि फिका असे दोन रंग दिसतात, आणि कागदाची घडी उभी राहिल्याचा भास होतो. रंगबदल नाही, थरावर थर नाही, म्हणून कापडावर भार नाही. केंद्रातून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने भरत गेले, म्हणजे सैल कापडही पुढे सरकत जाते आणि मध्ये फुगा येत नाही. खाली दोन झिरमिळ्या आणि लाल कड घातली तरी आठ-दहा सेंटिमीटरची चांदणी पाच हजार टाक्यांत आणि पंधरा मिनिटांत होते. नाताळचा तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील भरतकामात जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. एकाच पंचिंगवर दोन्ही सण निघतात, हा आमच्यासारख्यांना मोठाच आधार.

फुलांमध्ये तयार नक्ष्यांत पॉइन्सेटिया पुष्कळ असतो. मूळचा मेक्सिकोचा; त्याची लाल ‘फुले’ म्हणजे खरे तर पाने. पाकळ्या रुंद, म्हणून भरायला सोपा, आणि काळ्या किंवा राखी स्वेटशर्टावर उठूनही दिसतो. त्याला माझा विरोध नाही. पण वसईतून दादरच्या बाजारात रोज पहाटे फुले जातात. तो आपला सोनचाफा कोणत्याच संग्रहात नाही. लांबट, निमुळत्या पाकळ्या म्हणजे साटिन टाक्यासाठी मुद्दाम बनविलेला आकार. पाकळी मध्ये सहा मिलिमीटर रुंद आणि टोकाला अरुंद ठेवली की झाले. चाफ्याची तीन फुले आणि वर लहान तारा अशी नक्षी आम्ही करून पाहिली. नाताळची आहे असे कोणी सांगावे लागले नाही, आणि नाताळ संपल्यावर ती घालायला अडचणही आली नाही. बुटिकवाल्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यावा. छातीवर इंग्रजीत शुभेच्छा आणि खाली वर्षाचा आकडा असलेला स्वेटशर्ट तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे ६ जानेवारीनंतर, कोणी घेत नाही. थंडी मात्र त्याच सुमारास खरी पडते.

आपला जिल्हा पालघर म्हटल्यावर वारली चित्रांची आठवण होणारच. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून केलेली माणसे, वर्तुळाचे डोके, काडीचे हातपाय. यंत्राला याहून सरळ आकार कोणता? त्रिकोण छान भरतात. हातपाय मात्र एकेरी धावदोऱ्यात काढले तर लवेत बुडतात. तेथे त्याच रेषेवरून तीनदा जाणारा धावदोरा हवा. पण या नक्षीबाबत मला थोडे थांबावेसे वाटते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४ ते २०१८) यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. लग्नघराच्या भिंतीवर काढायच्या चौकात पालघट देवी असते. ते लग्नाचे आहे. तो चौक उचलून मध्ये नाताळचे झाड रोवलेल्या नक्ष्या विकत मिळतात. त्या घेऊ नयेत असे मला वाटते. वारली नक्षी हवीच असेल, तर वारली चित्रकाराकडून नाताळसाठी म्हणून काढून घ्यावी आणि तिचे पैसे त्याला द्यावेत. पंचिंगला जसे आपण पैसे देतो तसेच.

गोठ्याच्या देखाव्याविषयी असेच काहीसे. मरिया, योसेफ आणि बाळ येशू यांचे चेहरे दीड सेंटिमीटरच्या जागेत दोऱ्याने उतरत नाहीत. नाक-डोळे एकमेकांत मिसळतात आणि भक्तिभाव राहतो बाजूला, भलताच प्रकार दिसतो. शिवाय श्रद्धेय चेहरा रोज धुवायच्या कपड्यावर नको, असे म्हणणारी गिऱ्हाइकेही भेटतात. दोन्ही दृष्टींनी गोठ्याची नुसती बाह्यरेषा, आत तीन आकृत्यांच्या कडा आणि वर तारा, एवढेच पुरते. कार्टूनमधली प्रसिद्ध पात्रे सांताची टोपी घालून देण्याची मागणीही पुष्कळ येते. १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा असताना ती भरून विकणे म्हणजे स्वतःहून कटकट ओढवून घेणे. विकत घेतलेल्या नक्षीबरोबर येणारा परवानाही वाचावा. काही नक्ष्या केवळ घरगुती वापरापुरत्याच दिलेल्या असतात.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा एक विषय मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. स्वेटशर्टावर अक्षरे बहुधा रोमनच का दिसतात? आवड हे एक कारण झाले. दुसरे कारण तांत्रिक आहे. तयार मिळणाऱ्या भरतकामाच्या वर्णमाला बहुतेक रोमन आहेत. देवनागरी शब्द दर वेळी पंच करावा लागतो. संगणकावरच्या देवनागरी टंकात प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते. शब्द तसाच यंत्राला दिला, तर दोन अक्षरांच्या सांध्यावर शिरोरेषेवर शिरोरेषा चढते, तेथे दोऱ्याची गाठ बसते, आणि कधी सुईही मोडते. म्हणून अक्षरे शिरोरेषेवाचून भरून घ्यावीत आणि शेवटी शब्दावरून एकच सलग रेघ ओढावी. शाळेत पाटीवर बाई शिकवीत असत, अगदी तसेच!

शब्दही पारखून घ्यावा लागतो. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ लहान मापात नुसता गोळा होतो. ‘ख्रिस्तजयंती’मध्ये दोन जोडाक्षरे, दोन वेलांट्या आणि अनुस्वार, एवढा पसारा छातीच्या कोपऱ्यात मावत नाही. याउलट ‘नाताळ’ पाहा. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही. उभे दांडे भरपूर, म्हणजे साटिनसाठी सरळ खांबच. सांभाळायचे ते फक्त ‘ळ’ची दोन वेटोळी. अक्षराचा मुख्य भाग दीड सेंटिमीटर उंच ठेवला, तर ती उघडी राहतात. एक सेंटिमीटरच्या खाली गेलात, तर मिटतात. चांदणी आणि तिच्याखाली ‘नाताळ’, बस्स. एका तरुण मंडळासाठी ही नक्षी पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या दोऱ्यांत गर्द निळ्या स्वेटशर्टांवर भरली, तेव्हा त्यांच्यातल्या आजीबाईंनीही एक मागून घेतला.

माप बदलताना सावध राहावे. “हीच नक्षी जरा मोठी करा ना,” असे गिऱ्हाईक सहज म्हणते. टाक्यांची फाइल दहा टक्क्यांहून अधिक लहान-मोठी केली, की टाक्यांची संख्या तीच राहून दाटी बदलते. मोठी केली तर विरळ, खालचे कापड दिसते; लहान केली तर इतकी दाट, की दोरा तुटत राहतो. नवे माप हवे असेल तर नवे पंचिंग हवे, आणि त्याचे पैसे वेगळे. जरीच्या दोऱ्याचेही तसेच. सणासुदीला सोनेरी झळाळी सर्वांना हवी असते, पण जर वारंवार तुटते, तिला मोठ्या नेढ्याची सुई आणि मंद वेग लागतो. ताऱ्याच्या कडेपुरती ती ठेवावी. बाकी भरावाला पॉलिएस्टर दोरा बरा. रेयॉनची चमक अधिक, परंतु ओला झाल्यावर तो कमजोर पडतो.

तेव्हा पुढच्या वेळी वर्गाच्या स्वेटशर्टांसाठी वर्गणी काढाल, तेव्हा चित्र पसंत करण्याआधी तीन गोष्टी विचारा: टाके किती, रंग किती, आणि आमच्याच कापडावर काढलेला नमुना कोठे आहे? नमुना हातात आला, की आधी तो उलटा करून पाहा. मागची बाजू नीटस असेल, खालचा पांढरा दोरा साटिन टाक्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात सरळ पट्टीसारखा दिसत असेल, तर दोऱ्यांचा ताण बरोबर आहे. मग तो नमुना एकदा धुऊन वाळवा. चुण्या पडायच्या असतील तर पहिल्याच धुण्यात पडतात. एवढे केल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापूर्वी काम द्या. त्यानंतर आमच्या घरी रात्री एकपर्यंत यंत्र चालू असते आणि नाही म्हणावे लागते. आणि कपडा अंगावर आल्यावर धुताना उलटा करून धुवा, इस्त्री फिरवायची ती मागच्या बाजूने.